तपासणी एका दिवसाची, आजार रोजचे

इंदूरने स्वच्छतेच्या क्षेत्रात देशाला एक साधा धडा दिला. २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षे हे शहर राष्ट्रीय स्वच्छता सर्वेक्षणात पहिले आले. शेवटच्या वर्षी तो मान सुरतसोबत विभागून मिळाला, आणि त्यानंतर 'सुपर स्वच्छ लीग' या खास गटात शहराची गणना झाली. हे यश झाडू हाती घेऊन छायाचित्रे काढून घेण्याच्या मोहिमांतून आलेले नाही. सकाळी ठरलेल्या वेळी गाणे वाजवीत दारात येणारी कचरागाडी आणि तिच्यासोबत येणारा, घरे ओळखणारा कर्मचारी हे त्यामागचे खरे कारण आहे. आज एखाद्या घरातून ओला आणि सुका कचरा एकत्र आला तर तो ते आजच सांगतो, आणि उद्या पुन्हा त्याच दारात उभा असतो. शहराची सवय अशा रोजच्या माणसामुळे बदलली.

याच शहरातील शालेय मुलांच्या आरोग्याची व्यवस्था मात्र नेमक्या उलट तत्त्वावर उभी आहे. तिथे दिन आहेत, पंधरवडे आहेत, गोळ्या आहेत, नोंदवह्या आहेत आणि वर्षातून एकदा येणारे तपासणी पथक आहे. जे नाही, ते रोजचे माणूस. दिवसभराच्या सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये परिचारिका हे पदच सर्वसाधारणपणे अस्तित्वात नाही. ही उणीव एकट्या इंदूरची नव्हे, जवळपास साऱ्या देशाची आहे. पण रुग्णालयांची, परिचर्या महाविद्यालयांची आणि पालिकेच्या कर्तबगारीची वाण नसलेल्या इंदूरमध्ये ती अधिक ठळकपणे दिसते. गोव्यासारख्या लहान राज्यानेही या उदाहरणाकडे लक्षपूर्वक पाहायला हवे.

कार्यक्रम भरपूर, पण येऊन जाणारे

केंद्र सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांमधील जन्मजात दोष, आजार, पोषणातील कमतरता आणि वाढीतील विलंब लवकर ओळखणे, हा त्याचा हेतू. त्यासाठी प्रत्येक विकासखंडात फिरती पथके असतात. पथकात आयुष शाखेचे दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता यांचा समावेश असतो. हे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत वर्षातून एकदा जाते. इंदूर जिल्ह्यातील इंदूर, महू, सांवेर आणि देपालपूर या चारही विकासखंडांना हीच रचना लागू आहे.

याच्या जोडीला इतर योजना आहेत. १० ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोह आणि फॉलिक आम्लाची निळी गोळी दिली जाते. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट हे जंतनाशक दिन पाळले जातात. आयुष्मान भारत योजनेखालील शालेय आरोग्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०२० मध्ये झाला. त्यात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना 'आरोग्यदूत' म्हणून प्रशिक्षण द्यायचे आणि त्यांनी मानसिक स्वास्थ्यापासून व्यसनमुक्तीपर्यंत आणि आहारापासून समाजमाध्यमांच्या सुरक्षित वापरापर्यंत अकरा विषय शिकवायचे, अशी योजना आहे.

कागदावर ही व्यवस्था भरगच्च दिसते आणि ती निरुपयोगी आहे असे कोणीही म्हणणार नाही. हृदयाला जन्मजात छिद्र असलेली कित्येक मुले याच पथकांमुळे शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचली. प्रश्न आहे तो पथक निघून गेल्यानंतरच्या दिवसांचा. समजा, एखाद्या मुलीची नजर कमकुवत असल्याचे तपासणीत आढळले. तिच्या हाती जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी दिली जाते. बाप रोजंदारीवर, आई चार घरची धुणीभांडी करणारी. रुग्णालयात जायचे म्हणजे दोघांपैकी एकाची एक दिवसाची मजुरी बुडणार. चिठ्ठी दप्तरात राहते, मुलगी मागच्या बाकावर राहते आणि फळा न दिसणारी ही विद्यार्थिनी हळूहळू 'अभ्यासात कच्ची' ठरते. पुढच्या वर्षी पथक येते आणि तोच दोष पुन्हा नोंदवून जाते. नोंद दोनदा झाली, चष्मा मात्र एकदाही मिळाला नाही.

तपासणी आणि उपचार यांच्यामधल्या या दरीत कोणाला तरी उभे राहावे लागते. चिठ्ठी दिल्यानंतर आठ दिवसांनी विचारणारे, आईला भेटून समजावणारे, रुग्णालयात कोणत्या दिवशी कोणत्या खिडकीवर जायचे ते सांगणारे आणि चष्मा मिळाल्यावर मुलगी तो लावते की नाही हे पाहणारे कोणी असावे लागते. जगात शालेय परिचारिका हे पद जन्माला आले ते नेमके या कामासाठी.

न्यूयॉर्क १९०२, बडोदे १९०९

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमधील शाळांत डॉक्टर मुलांची तपासणी करीत. खुपऱ्या, खरूज, नायटे किंवा उवा आढळल्या की मुलाला घरी पाठवले जाई. संसर्ग पसरू नये म्हणून हे योग्यच होते. परंतु घरी पाठवलेल्या मुलावर उपचार करणारे कोणी नव्हते. स्थलांतरित मजुरांची ती मुले रस्त्यावर खेळत राहत आणि शाळेबाहेरच्या मुलांची संख्या फुगत जाई. ऑक्टोबर १९०२ मध्ये समाजसेविका लिलियन वाल्ड यांच्या पुढाकाराने लीना रॉजर्स या परिचारिकेला चार शाळांत प्रायोगिक तत्त्वावर नेमण्यात आले. त्या शाळेतच मलमपट्टी करीत, दुपारनंतर घरी जाऊन आईला औषध कसे लावायचे ते दाखवीत. प्रयोग इतका यशस्वी ठरला की वर्ष संपण्यापूर्वीच आणखी परिचारिका नेमल्या गेल्या. सप्टेंबर १९०२ मध्ये आजारामुळे शाळेतून घरी पाठवलेल्या मुलांची संख्या १०,५६७ होती, ती वर्षभराने त्याच महिन्यात १,१०१ वर आली. डॉक्टरांची तपासणी आधीपासूनच होत होती. नव्याने भर पडली ती पाठपुरावा करणाऱ्या परिचारिकेची.

जपाननेही विसाव्या शतकाच्या प्रारंभी खुपऱ्यांच्या साथीमुळेच शाळांत परिचारिका नेमण्यास सुरुवात केली. आज तिथे जवळजवळ प्रत्येक शाळेत आरोग्यकक्ष असतो आणि तो सांभाळणारी व्यक्ती शिक्षकवर्गाचाच भाग मानली जाते. डोके दुखणारे मूल तिथे जाते, आणि घरातल्या भांडणामुळे मन दुखावलेले मूलही तिथेच जाते.

भारत या विचारापासून फार मागे नव्हता. शालेय मुलांच्या वैद्यकीय तपासणीचा देशातील आरंभ १९०९ मध्ये बडोदे शहरात झाला. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा पाया घालणारे सयाजीराव गायकवाड तेव्हा तिथे राज्य करीत होते. मुलाला शाळेत आणायचे तर त्याच्या प्रकृतीची जबाबदारीही घ्यावी लागते, हे त्या राजवटीला उमगले होते. मात्र १९४६ मध्ये भोर समितीने देशभराचा आढावा घेतला तेव्हा शालेय आरोग्यसेवा जवळपास नसल्यातच जमा असल्याचा निष्कर्ष तिला नोंदवावा लागला. स्वातंत्र्यानंतर रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६१ मध्ये शालेय आरोग्यावर अहवाल दिला. तेव्हापासून आजवर योजनांची नावे बदलत गेली. तपासणी, गोळ्या आणि भाषणे हा त्यांचा गाभा मात्र फारसा बदलला नाही.

शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात वर्गखोल्या, स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, मैदान आणि ग्रंथालय यांचे निकष आहेत. उच्च प्राथमिक स्तरावर शंभरांहून अधिक मुले असल्यास आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाचीही तरतूद आहे. पण परिचारिका नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने मुलांच्या आहार आणि आरोग्याचा विचार करताना समाजकार्यकर्ते आणि समुपदेशक यांचा उल्लेख केला, नियमित तपासणी आणि आरोग्यपत्रिका यांची शिफारस केली. परिचारिकेला तिथेही जागा मिळाली नाही.

शिक्षक हा पर्याय का नव्हे

यावर नेहमीचे उत्तर असे की हे काम शिक्षक करतील. 'आरोग्यदूत' ही कल्पना याच उत्तरावर उभी आहे. परंतु या उत्तराची परीक्षा झालेली आहे, आणि तिचा संबंध थेट गोव्याशी आहे. 'संगत' या गोव्यातील संस्थेने पूर्वी गोव्यातील शाळांमध्ये प्रशिक्षित बिगर-डॉक्टर आरोग्य समुपदेशक नेमून एक प्रयोग केला होता. त्या अनुभवाच्या आधारे पुढे बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७५ माध्यमिक शाळा निवडून मोठी चाचणी घेण्यात आली. काही शाळांत कार्यक्रम राबवायला स्वतंत्र समुपदेशक दिला, काहींत तेच काम शाळेतील शिक्षकावर सोपवले आणि उरलेल्यांत नेहमीचा वर्गातील पाठ्यक्रम तेवढा चालू ठेवला. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष बोलके आहेत. जिथे स्वतंत्र माणूस होता, तिथे शाळेतील वातावरण सुधारले, नैराश्याची लक्षणे, दांडगाई आणि हिंसा कमी झाली. जिथे तेच काम शिक्षकाने केले, तिथे फरक आढळला नाही.

यात शिक्षकांचा कमीपणा नाही. शिकवणे, परीक्षा, मध्यान्ह भोजनाच्या नोंदी, निवडणुकीचे काम, सर्वेक्षणे आणि पोर्टलवर माहिती भरणे यांतून शिक्षकाच्या हाती किती वेळ उरतो, हे कोणत्याही मुख्याध्यापकाला ठाऊक आहे. शिवाय भूमिकेचाही प्रश्न आहे. जो शिक्षक गुण देतो आणि शिस्त लावतो, त्याच्याकडे पाळीच्या वेदना, घरातील मारहाण किंवा मनात येणारे काळे विचार घेऊन जायला मूल कचरते. परिचारिका गुण देत नाही, आणि तिच्या खोलीचे दार ठोठावायला 'डोके दुखते' एवढे निमित्त पुरते.

वैद्यकीय कौशल्याचा मुद्दा याहून वेगळा. वर्गात एखाद्या मुलाला फेफरे आले की आजही कोणी चप्पल नाकाशी धरते, कोणी कांदा फोडते, कोणी तोंडात चमचा घालू पाहते. प्रशिक्षित व्यक्ती मुलाला कुशीवर वळवते, आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर करते, घड्याळ पाहते आणि झटका पाच मिनिटांत थांबला नाही तर रुग्णवाहिका बोलावते. दोन दिवसांच्या शिबिरातून हे ज्ञान शिक्षकाला देता येईल, नव्हे द्यायलाच हवे. पण रोजच्या सरावाने येणारा ठामपणा शिबिरातून येत नाही.

इंदूरच्या मुलांपुढील प्रश्न

मध्य प्रदेशातील आकडे या चर्चेला निकड देतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातील पाच वर्षांखालील ७२.७ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. देशाची सरासरी ६७.१ टक्के होती. १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांत हे प्रमाण राज्यात ५४.७ टक्के होते. शाळेत येणारी मुलगी या दोन आकड्यांच्या मधोमध उभी आहे. निळी गोळी तिच्यासाठीच आहे. पण उपाशीपोटी घेतल्यास या गोळीने मळमळते, पोटात दुखते. एका मुलीला उलटी झाली की सारा वर्ग गोळ्या दप्तरात लपवतो. गोळी जेवणानंतर घ्यावी, त्रास झाल्यास घाबरू नये, शौचाचा रंग काळपट झाला तरी चिंता नको, हे विश्वासाने सांगणारे कोणी नसेल तर वाटप झाल्याची नोंद होते, रक्त मात्र वाढत नाही.

सिकलसेल हा या प्रदेशाचा खास प्रश्न आहे. इंदूर विभागातील अलिराजपूर, झाबुआ, धार, बडवानी आणि खरगोन या जिल्ह्यांत आदिवासी लोकसंख्या मोठी आहे, आणि तेथील अनेक कुटुंबे रोजगार व शिक्षणासाठी इंदूरला येतात. सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेचा प्रारंभ १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातीलच शहडोल येथून झाला. ४० वर्षांखालील सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट आहे. तपासणीनंतर मुलाच्या हाती पत्रिका येते. पण त्या मुलाने दिवसभर पुरेसे पाणी प्यायला हवे, कडाक्याच्या थंडीत वा भर उन्हात त्याच्यावर शारीरिक ताण येऊ नये, हातापायांत अचानक उठणारी कळ हे सोंग नसून आजाराचे लक्षण आहे, आणि तापासोबत धाप लागली तर क्षणाचाही विलंब नको, हे शाळेत कोणाला माहीत असते? पत्रिका घरच्या पेटीत राहते आणि कळ मात्र शाळेच्या मैदानावर उठते.

टाइप वन मधुमेहाचेही तसेच. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार भारतात वीस वर्षांखालील सुमारे २ लाख २९ हजार मुलामुलींना हा आजार आहे. त्यांना दिवसातून अनेकदा इन्सुलिन घ्यावे लागते. साखर एकाएकी उतरली तर मूल घामाघूम होते, थरथरते, गोंधळते. तेवढ्यात साखर वा ग्लुकोज मिळाले नाही तर ते बेशुद्ध होऊ शकते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ पासून अशा विद्यार्थ्यांना परीक्षागृहात खाण्याचे पदार्थ नेण्यास परवानगी दिली. उत्तर प्रदेशाने २०२३ मध्ये ग्लुकोमीटर आणि इन्सुलिन शाळेत आणू देण्याचे निर्देश दिले. परवानगी मिळाली हे चांगलेच, पण सुई टोचायला मदत करणारा हात तिच्यातून मिळत नाही. परिणामी कितीतरी आया शाळेच्या फाटकापाशी दुपारची वाट पाहत बसतात आणि त्यापायी नोकरीवर पाणी सोडतात.

मुलींच्या पाळीच्या प्रश्नावर मध्य प्रदेशाने एक दखलपात्र पाऊल उचलले. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य सरकारने इयत्ता सातवी ते बारावीच्या १९ लाखांहून अधिक मुलींच्या खात्यात सॅनिटरी नॅपकिनसाठी प्रत्येकी ३०० रुपयांप्रमाणे ५७ कोटी १८ लाख रुपये जमा केले. त्याचे कौतुकही झाले. इंदूर तर सॅनिटरी कचरा वेगळा गोळा करणारे शहर आहे. पण पैसे खात्यात पोहोचले तरी अतिरक्तस्राव म्हणजे काय, किती वेदना स्वाभाविक आणि कोणत्या वेदनेसाठी डॉक्टर गाठायचा, हे प्रश्न रोख रकमेने सुटत नाहीत. ते विचारण्यासाठी समोर एक विश्वासू स्त्री असावी लागते.

मानसिक स्वास्थ्याची स्थिती सर्वांत गंभीर आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. महाराष्ट्र आणि तमिळनाडूनंतर मध्य प्रदेशाचा क्रमांक तिसरा होता. इंदूर हे मध्य भारतातील शिकवणी वर्गांचे मोठे केंद्र आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांत किमान एक पात्र समुपदेशक असावा असे निर्देश दिले. हा आदेश महत्त्वाचा आहे. मात्र मनाचा ताण मूल बहुधा शरीराच्या भाषेत सांगते. पोटदुखी, झोप न लागणे, वारंवार गैरहजेरी, मनगटावरची खूण यांतून तो प्रकट होतो. या खुणा प्रथम वाचणारी परिचारिका नसेल तर समुपदेशकाच्या खोलीपर्यंत मूल पोहोचणारच कसे?

भागीरथपुऱ्याचा इशारा

२०२५ च्या डिसेंबरअखेरीस इंदूरच्या भागीरथपुरा वस्तीत पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले. उलट्या आणि जुलाबांनी शेकडो लोक रुग्णालयात दाखल झाले, अनेकांचे प्राण गेले. मृतांच्या आकड्यावरून प्रशासन आणि रहिवासी यांच्यात वाद झाला, अधिकाऱ्यांवर कारवाई झाली आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. देशातील सर्वांत स्वच्छ शहराच्या नळातून असे पाणी यावे, हा धक्का मोठा होता. पाण्याला वास येतो, चव बिघडली आहे, अशा तक्रारी रहिवासी आधीपासून करीत होते, हेही पुढे आले.

शाळेत परिचारिका असती तर ही दुर्घटना टळली असती, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. फुटलेली जलवाहिनी दुरुस्त करणे हे पालिकेचेच काम. तरीही एक गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. दूषित पाण्याचा फटका लहान मुलांना लवकर बसतो, आणि एकाच वस्तीतील मुले बहुधा एकाच शाळेत जातात. एका वर्गातील पाच-सहा मुले दोन दिवसांत पोटाच्या तक्रारीने गैरहजर राहिली, तर हजेरीपट हा साथीचा इशारा असतो. जपानमध्ये फ्लूमुळे गैरहजेरी वाढली की वर्ग काही दिवस बंद ठेवण्याची पद्धत आहे ती याच तर्काने. आपल्याकडे हजेरीपट मध्यान्ह भोजनाच्या हिशेबासाठी पाहिला जातो. त्यातील रिकाम्या चौकटींचे कारण विचारून ते आरोग्य विभागाला कळवणारे कोणी नसते. रहिवाशांची तक्रार दुर्लक्षित राहू शकते. शाळेतून आलेली आजारांची लेखी नोंद दडपणे तेवढे सोपे नसते.

गरज मान्य, पण कोणासाठी?

शासनाला परिचारिकेची गरज पटलेली नाही, असे नाही. नवोदय विद्यालयांत परिचारिकेचे पद मंजूर असते. इंदूर जिल्ह्यात मानपूर येथे असे विद्यालय आहे. आदिवासी विद्यार्थ्यांच्या एकलव्य निवासी शाळांसाठी २०२५ मध्ये निघालेल्या मोठ्या भरतीत महिला परिचारिकांच्या ५५० जागा होत्या. केंद्रीय विद्यालये कंत्राटी तत्त्वावर परिचारिका नेमतात. महागड्या खासगी शाळा आपल्या माहितीपत्रकात सुसज्ज आरोग्यकक्षाची जाहिरात करतात. म्हणजे मूल शाळेत मुक्कामाला असेल, त्याचे पालक केंद्र सरकारचे कर्मचारी असतील किंवा त्यांना भरमसाट शुल्क परवडत असेल, तर त्याला परिचारिका मिळू शकते. ज्या मुलाच्या घरी थर्मामीटरही नाही, ज्याची आई आजारपणासाठी रजा घेऊ शकत नाही, त्या पालिकेच्या किंवा राज्य सरकारच्या शाळेतील मुलाला ती मिळत नाही. गरज सर्वांत जास्त तिथेच सोय सर्वांत कमी, असा हा उफराटा न्याय आहे.

आक्षेप दोन आहेत आणि ते दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. पहिला मनुष्यबळाचा. रुग्णालयांतच परिचारिका अपुऱ्या असताना शाळांना कुठून आणायच्या? केंद्र सरकारने दिलेल्या माहितीनुसार २०२२ मध्ये देशात ३३ लाखांहून अधिक नोंदणीकृत परिचारिका होत्या. हे प्रमाण हजार लोकसंख्येमागे दोनपेक्षा किंचित कमी, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेल्या तीनहून खालचे आहे. तुटवडा खरा आहे. पण प्रशिक्षित मुलींना सन्मानाचे वेतन न मिळाल्याने त्या परदेशाची वाट धरतात किंवा लग्नानंतर पेशा सोडतात, हेही तितकेच खरे आहे. रात्रपाळी नसलेले, घराजवळचे आणि शाळेच्या वेळेतले काम अशा अनेकींना पेशात परत आणू शकेल.

दुसरा आक्षेप खर्चाचा. प्रत्येक शाळेत एक परिचारिका हे आज शक्य नाही, आणि त्याचा आग्रह धरण्याचे कारणही नाही. अमेरिकेत दीर्घकाळ ७५० विद्यार्थ्यांमागे एक परिचारिका असे मानक वापरले गेले. राष्ट्रीय शिक्षण धोरणात शाळा-समूहाची कल्पना आहेच. चार-पाच जवळच्या शाळांना मिळून एक परिचारिका, तिचे ठरलेले वार, एका शाळेत कायमचा आरोग्यकक्ष आणि जवळच्या आरोग्य केंद्राशी थेट संपर्क, एवढी सुरुवात पुरेशी आहे. वार्षिक तपासणी पथकाने दिलेली प्रत्येक चिठ्ठी तिच्या यादीत यावी आणि तिच्या कामाचे मोजमाप तपासलेल्या मुलांच्या संख्येवर नव्हे, तर उपचार पूर्ण झालेल्या मुलांच्या संख्येवर व्हावे.

यात दोन पथ्ये पाळावी लागतील. तिला अकरा महिन्यांच्या कंत्राटावर नेमून दरवर्षी बदलले, तर मुलांचा विश्वास जडण्यापूर्वीच ती निघून जाईल. तिला पोर्टलवर आकडे भरणारी कारकून करून टाकले, तर शिक्षकांचे झाले तेच तिचे होईल. कोणते औषध ती देऊ शकते, पालकांची संमती कशी घ्यायची, मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट किती गुप्त ठेवायची आणि कोणत्या वेळी ती पुढे कळवणे बंधनकारक आहे, याचे लेखी नियम हवेत.

इंदूरला हे अशक्य नाही. १८७८ मध्ये तिथे वैद्यकीय शाळा सुरू झाली, आज महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालय आणि महाराजा यशवंतराव रुग्णालय आहे, परिचर्येचे शिक्षण देणाऱ्या संस्था आहेत. घराघरातून सहा प्रकारचा कचरा वेगळा गोळा करणारी पालिका शाळा-शाळांतील आजारी मुलांची यादी ठेवू शकणार नाही, असे मानण्याचे कारण नाही. सध्याच्या 'सांदीपनि' शाळांवर राज्य सरकार मोठा खर्च करीत आहे. त्या भव्य इमारतींमध्ये एक खोली आणि एक पद परिचारिकेसाठी राखून प्रारंभ करता येईल.

गोव्याला तर हे अधिक सोपे आहे. अंतरे लहान, आरोग्य केंद्रांचे जाळे दाट, बांबोळीत शतकाहून जुनी परंपरा असलेले वैद्यकीय महाविद्यालय. गोवा शिक्षण विकास महामंडळामार्फत शाळांना समुपदेशक देण्याचा अनुभवही राज्याच्या गाठीशी आहे. स्वतंत्र माणूस दिल्यास शाळेत काय घडते, हे नालंदात सिद्ध करून दाखवणारी संस्था गोव्याचीच आहे. समुपदेशकाच्या जोडीला शाळा-समूहासाठी परिचारिका देऊन शरीर आणि मन यांची काळजी एकत्र घेणारे पहिले राज्य होण्याची संधी गोव्यापुढे आहे.

वर्षातून एकदा शहर झाडले तर ते स्वच्छ राहत नाही, हे इंदूरने देशाला पटवून दिले. मुलांचे आरोग्यही वर्षातून एकदा तपासून टिकत नाही. दप्तरात पडून राहिलेल्या त्या चिठ्ठीचे पुढे काय झाले, हे विचारण्याचे काम ज्या दिवशी कोणाच्या तरी नावावर लिहिले जाईल, त्या दिवशी शालेय आरोग्याच्या योजना कागदावरून वर्गात उतरतील.